केबिनबाहेरचे काळे शूज

गेल्या आठवड्यात मी अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात जीव मुठीत धरून बसले होते... इंटरव्ह्यू माझा नव्हता. शेजारच्या कावेरीचा होता, पण घड्याळाकडे सारखी मीच बघत होते.

कावेरी म्हणजे मैलापूरला आमच्या समोरच्या फ्लॅटमधली मुलगी, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मूळ घराणं तंजावरच्या मराठी मंडळींचं, कित्येक पिढ्या इकडेच गेलेल्या. निम्मं तमिळ आणि निम्मं जुनं गोड मराठी असं काहीतरी बोलते आणि मला अक्का म्हणते.

तिला इंटर्नशिप हवी होती, तीही मशीनवरच. तिच्या अप्पांचं म्हणणं, मामाच्या ऑफिसात एसीत बसून कॉम्प्युटरवरचं काम मिळतंय, तर तेल-ग्रीसमध्ये हात कशाला घालायचे? शेवटी घरात तह झाला... हा एक इंटरव्ह्यू द्यायचा, नाही जमलं तर मुकाट्याने मामाकडे.

मी पुण्यात बरीच वर्षं एचआरमध्ये होते. ह्यांची इकडे बदली झाली आणि नोकरी सुटली, पण खुमखुमी काही गेली नाही. आमची कन्या पुण्यात होस्टेलला असते आणि आईचा सोडून जगातल्या कुणाचाही सल्ला घेते... त्यामुळे कावेरीच्या आईने नुसतं "हिला जरा बघा की" म्हटलं आणि मी पदर खोचला.

रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये मॉक इंटरव्ह्यू. डायनिंग टेबलामागे मी, चष्मा नाकावर ओढून, जमेल तितकी खडूस. तिने बाहेर जायचं, दार वाजवायचं, विचारून आत यायचं, ताठ बसायचं... चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

ती वैतागायची. "अक्का, दार वाजवायला येतं की मला!" माझं उत्तर ठरलेलं, इथे जे अंगवळणी पडेल तेच तिथे आपोआप होईल. आपण किती खरं बोलतोय, ह्याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पोर हुशार आहे हो. फक्त 'स्वतःबद्दल सांग' म्हटलं की पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा ओकायची. एकदा मी कंटाळून विचारलं, तुला मशिनंच का गं आवडतात? तर उठून आमचा बिघडलेला मिक्सर घेऊन आली आणि तो उलटासुलटा करत अशी काही बोलत सुटली की माझा चहा गार झाला. म्हटलं, बाई, हेच सांग तिथे.

इंटरव्ह्यूच्या दिवशी तिच्या आई-अप्पांना बँकेतून सुट्टी मिळेना, म्हणून सोबत मी. कधी नव्हे ते तिला चपला सोडायला लावून नवे काळे शूज घ्यायला लावले होते. नाव पुकारलं, ती पॅसेजमधून आत गेली आणि मी रिसेप्शनमध्ये मनातल्या मनात सगळे प्रश्न तिच्या वतीने सोडवत बसले.

थोड्या वेळाने पाणी प्यायला उठले. पॅसेजच्या टोकाला केबिनचं बंद दार... आणि दाराबाहेर, पायपुसण्याच्या शेजारी, ते नवे काळे शूज! नीट जोडीने ठेवलेले, आत मोजे खोचलेले.

म्हणजे ही आत अनवाणी बसली होती! आणि मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या दाराबाहेर रोज चपला काढायची, दार वाजवायची, आत यायची... मीच तर तिच्याकडून घोटून घेतलं होतं. चपला घालून घरात कुणी येत नाही, ना पुण्यात, ना मैलापुरात. चपला काढणंही तालमीत शिरलंय, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

दार वाजवून शूज आत सरकवावेत, असंही मनात आलं. पण बाकावर येऊन बसले आणि मैलापूरच्या देवाला इथूनच हात जोडले.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. पिकल्या मिशांचे मॅनेजर पुढे, मागे कावेरी अनवाणी, हातवारे करत आमच्या मिक्सरबद्दल बोलतेय. दोघं कारखान्याच्या आतल्या भागाकडे निघाली होती. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यापाशी मॅनेजर थांबले आणि त्यांनी खाली बघितलं. मग तिने बघितलं.

"अय्यो!"

तोंड लालेलाल. तिने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. संपलं सगळं, मामाचा एसी नशिबी, असंच वाटलं मला.

मॅनेजर अजिबात हसले नाहीत. इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "ह्या पट्ट्याच्या पुढे शूजशिवाय पाऊल टाकायचं नाही. हा पहिला धडा. दुसरा सोमवारी. सेफ्टी शूज घालून या."

सोमवारी?... सोमवारी! मला कळायला क्षणभर वेळ लागला. तोवर ते मिशीत हसत होते.

परतीच्या लोकल गाडीत ती माझ्यावरच उलटली. "चप्पल काढलें, दार वाजवलें, आत गेलें. तुम्हीच शिकवलात की अक्का!" आम्ही इतक्या हसलो की समोरच्या बाई काही न कळता आमच्याबरोबर हसायला लागल्या.

सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात कावेरी, गालाला काळं लागलेलं, डोळे चमकताहेत, पायात ते दांडगे सेफ्टी शूज. सांगायची इतकी घाई की शब्दांवर शब्द पडत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला म्हटलं, "राहू दे गं, आज तशीच आत ये."

ती मात्र पायरीवर बसून लेस सोडत राहिली.

आत तिची बडबड अंधार पडेपर्यंत चालली होती. दाराबाहेर माझ्या चपलांना टेकून तिचे ते तेलकट शूज... किती दिवसांनी माझ्या दारात आल्या आल्या सगळं सांगत सुटणाऱ्या लेकीचं पायताण होतं. बरं वाटलं, खूप बरं वाटलं.