बरंबाई

विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंना मुलं पाठीमागे 'बरंबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. परीक्षेत दांडी उडाली, मैत्रिणीने बोलणं टाकलं, झोपच येत नाही, समोरचं मूल काहीही सांगो, बाई मान हलवून म्हणत, "बरं." म्हणजे ऐकतेय, पुढे बोल. सल्ला द्यायचा नाही, मधे तोंड घालायचं नाही, हा त्यांचा बाणा. खोलीत दोन खुर्च्या, त्याही समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या. घड्याळ मुलांच्या पाठीमागे, म्हणजे बाईंना मनगटाकडे बघायला नको. मुलं भडाभडा बोलायची. घरी नवरा चिडवायचा, "तुझं 'बरं' म्हणजे हो की नाही, हे मला अजून उमगलेलं नाही." बाई ते हसण्यावारी नेत.

आणि एका सकाळी एक आई दार न वाजवताच आत घुसली.

"माझ्या मुलीला कॉलेज सोडायला तुम्ही सांगितलंत?"

बाई उडाल्याच. "मी? अहो, मी कधी कुणाला काहीच सांगत नाही!"

"ती म्हणते, मॅडमना विचारून प्रवेश रद्द केला. तिची जागा दुसऱ्याला दिलीसुद्धा!"

मुलगी कोण, ते बाईंना लगेच आठवलं. पहिल्या वर्षाची, रसायनशास्त्राची, बोलताना शब्द गिळणारी. शेवटच्या भेटीत ती म्हणाली होती, "मॅडम, मी सोडूनच देते हे सगळं. माझ्याच्याने नाही होणार." त्यावर बाई म्हणाल्या होत्या... दुसरं काय म्हणणार! मुलगी "थँक्यू" म्हणून उठली होती. मन हलकं झालं असेल, असं समजून बाईंनी खुशाल पुढच्याला आत बोलावलं होतं.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. बाई जवळजवळ धावतच गेल्या.

"अगं, मी 'बरं' म्हटलं ते नुसतं... ऐकतेय, या अर्थानं गं!"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "मला वाटलं, तुम्हालाही पटलं. इतकी मुलं पाहिलेल्या मॅडम 'बरं' म्हणतायत, म्हणजे माझ्यात खरंच काही नाही."

हे असलं 'बरं' आणखी कोण कोण घरी घेऊन गेलं असेल, असं बाईंच्या मनात आलं. त्या तिच्याशेजारी बाकावर बसल्या. आणि मग बाणाबिणा सगळा विसरून त्या बोलूनच गेल्या.

"मला अजिबात पटलं नव्हतं. तू जायला नको होतीस. तुला जमलं असतं गं."

आई मागे येऊन उभी राहिली होती.

"मॅडम," मुलगी हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी एवढंच ऐकायला आले होते."