झाकण उघडून दाखवा

फोन आला तेव्हा मी कात्रजला रुग्णहक्कांची पत्रकं वाटत होते. "सुधामावशी गेली गं," आई म्हणाली. न्यूमोनियाचं निमित्त झालं. भेटायला आलेले एक गृहस्थ हळहळले, "चाचणीतल्या गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही शेवटी..." महिना उलटला, पण ते वाक्य सलतंच आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मावशीला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. यात शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतं. खडकीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं पॅकिंग तपासलेल्या तिच्या हातांना बटणंही लावता येईनात. तरी औषधाची सुई ती कशीबशी स्वतःच मांडीत टोचून घ्यायची. तोंडाने घ्यायच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा लगेच तयार झाली. "माझ्या मांडीला सुट्टी," म्हणाली.

रुग्णालयात दर भेटीत उरलेल्या गोळ्या मोजायचे. तिच्या बाटलीत त्या नेहमी जास्त निघायच्या. तिसऱ्या भेटीत तरुण डॉक्टर म्हणाले, "आजी, नियम पाळणार नसाल तर चाचणीतून काढावं लागेल."

मावशीने माझे स्कूटरवरचे जाड लोकरी हातमोजे टेबलावर ठेवले. "अहो डॉक्टर, आजी नंतर म्हणा. आधी हे घाला आणि झाकण उघडून दाखवा. माझे हात असेच चालतात."

लहान मुलांना उघडू नये म्हणून केलेलं, दाबून फिरवायचं झाकण ते. डॉक्टरांचे हात घसरतच राहिले. "शेजारीण उघडून देते. ती नसली की गोळी बुडते," मावशी म्हणाली. "बाटली उघडी ठेवू नका, हेही तुमचंच."

पुढच्या भेटीत साधं झाकण आलं... फक्त तिच्यासाठी. तिने बाटली परत सरकवली. "बाकीच्यांना?"

मी घाबरले. "मावशी, घे ना मुकाट्याने. चाचणीतली जागा जाईल."

"मग तू पत्रकं कशाला वाटतेस?"

चाकांची खुर्ची ढकलत मी तिला व्हरांड्यात प्रत्येक रुग्णापाशी नेलं. सगळ्यांना साधं झाकण द्या, अशा अर्जावर वेड्यावाकड्या सह्या जमल्या. सगळ्यांची झाकणं बदलली, तेव्हाच तिने बाटली घेतली.

तिच्या बाटलीत नवं औषध होतं की तुलनेसाठीची दुसरी गोळी, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ते कळणार नाही हे माहीत असूनच तिने सही केली होती. तिच्यानंतर आलेल्यांना मात्र बाटली स्वतःच्या हाताने उघडता आली. उपयोग नाही झाला म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांना विचारून यावं.

आता दुसऱ्या एका गोळीचं पाकीट दाखवायला कंपनीची माणसं रुग्णांच्या बैठकीला येणार आहेत. मावशीने हातमोजे कधीच परत केले नाहीत. तिच्या उशाशी सापडले. धुऊन पिशवीत ठेवलेत. बैठकीला मी जाणार आहे.