मी न पाहिलेली सभा

तुमच्या इंग्लंडातल्या गावचे जुने खासदार वारले, आणि ग्रंथालयवाले त्यांच्या आठवणी गोळा करताहेत, असा तुमचा निरोप आला. तुम्ही लिहिलं आहे, "आजी, तुझी ती गोष्ट दे, पार्लमेंटात सांगितलेली." ती गोष्ट देण्याआधी तिच्याबद्दल तुम्हांला काही सांगायचं आहे. तुमच्या आईलाही ते ठाऊक नाही, म्हणून तिलाच हे वाचून दाखवायला सांगा.

आधी त्यांच्याविषयी. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. पहिली निवडणूक ते हरले, दुसरी थोडक्यात जिंकले, आणि मग तीसहून जास्त वर्षं त्याच गावाने त्यांना निवडून दिलं. मंत्री कधी झाले नाहीत. एकदा स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं, त्यानंतर कुणी त्यांना मंत्रिपदासाठी विचारलं नाही. एका मतदानाला ते अंगात ताप असताना रुग्णालयातून उठून गेले होते. हे मला त्यांनीच सांगितलं, पण बढाई म्हणून नव्हे. त्या दिवशी मोजे घालायचे राहिले आणि दिवसभर पाय गारठले, एवढीच त्यांच्या लेखी ती गोष्ट होती.

तुमचा जन्म व्हायच्या आधी मी तिकडे आले होते. तुमच्या आईच्या व्हिसाचं काम अडलं होतं, म्हणून आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो. खासदार लोकांना भेटतात त्या बैठकीला तिथे 'सर्जरी' म्हणतात. पाटी वाचून मी आधी दचकलेच. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ते थर्मास घेऊन बसले होते. आईचं काम त्यांनी नीट लिहून घेतलं, मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, मी इंग्रजीची शिक्षिका होते, आता जंगलातल्या एका गावात राहते, पण आधी वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरला राहायचो, दोरीवरचे कपडे कोळशाच्या धुळीने पुन्हा काळे व्हायचे. ते खूप हसले. त्यांच्या आईचंही तसंच व्हायचं म्हणे. मग त्यांनी विचारलं, "आता तुम्ही जंगलातल्या गावात राहता. तिथले निर्णय कोण घेतं?"

नागरिकशास्त्राचं पुस्तक मला पाठ होतं. मी म्हटलं, "आमची ग्रामसभा. गावातला प्रत्येक प्रौढ माणूस तिचा सभासद असतो."

"तुम्ही जाता?"

"दर वेळी," मी म्हटलं.

खरं म्हणजे मी एकदाही गेले नव्हते. तुमच्या आजोबांच्या निवृत्तीनंतर आम्ही त्यांच्या गावी, गडचिरोली जिल्ह्यात, राहायला आलो. पण सभेच्या दिवशी मी दार लावून घ्यायची. ताडपत्रीवर बसायचं, तंबाखूचा वास, एकमेकांवर ओरडणं. ते आपलं काम नव्हे, असं मला वाटे.

पुढे दर नव्या वर्षाला त्यांचं पत्र यायचं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. शेवटी एक प्रश्न ठरलेला: तुमच्या सभेचं काय झालं? आणि मी उत्तर द्यायची. कच्चा मसुदा, मग पक्की प्रत, समास आखून. मोहाच्या झाडाखाली सगळं गाव गोल बसतं, म्हातारी माणसं आधी बोलतात, बाया निर्भयपणे मत देतात. आमची सभा भरते समाजमंदिराच्या टिनाच्या शेडमध्ये. मोहाचं झाड मी घातलं.

एका वर्षी त्यांनी पार्लमेंटच्या कामकाजाचं छापील पान पाठवलं. त्यांच्या भाषणात एक परिच्छेद होता: मध्य भारतातल्या जंगलातली एक बाई मला लिहिते की तिच्या गावात मोहाच्या झाडाखाली… तेच पान मी तुमच्या आईला पाठवलं, आणि तिने ते चौकट करून लावलं आहे. तुम्ही त्याच्याखाली वाढलात.

आता दोन वर्षांपूर्वीचं ऐका. आमच्या समोर राहणारी बाई बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणते. सातवीपर्यंत शिकलेली. सभेच्या आदल्या दिवशी ती घरोघर फिरत आली.

"बाई, उद्या अकराले सभा हाय. येजा."

"कशाची?"

"डोंगरीच्या बांबूची. ठराव झाला तं बांबू गावाचा. नाई झाला तं बाहेरचा मानूस तोडून नेईन, अन् आमी काय विणू? निम्मं गाव पायजे अन् त्यात तिसरा हिस्सा बाया. मागच्या खेपेले बायाच कमी पडल्या. कोरम झाला नाई."

मी तिला म्हटलं, "कोरम नाही, क्वोरम म्हणायचं."

ती मग म्हणाली, "बरं. क्वोरम. येता नं?"

"बघते."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. कुकर लावला आणि टेबलापाशी लिहायला बसले. नव्या वर्षाचं पत्र द्यायचं होतं. आज आमच्या सभेपुढे बांबूचा महत्त्वाचा ठराव आहे, असं मी सुंदर इंग्रजीत लिहिलं. शेडमधून लाउडस्पीकरवर बायांना बोलावत होते, तेही मला ऐकू येत होतं.

दुपारी ती आली आणि दारातच उभी राहिली.

"सहा बाया कमी पडल्या."

मी पेनाला टोपण लावलं.

"चार-पाचजनी तुमच्या दारावरून वापस गेल्या. म्हने, शिकलेल्या बाईच येऊन नाई राह्यल्या, तं आपलं काय काम. तुमी काऊन नाई आल्या?"

"बरं नव्हतं जरा."

"हो का? तुमच्या कुकरच्या शिट्या तं शेडपावेतो आयकू आल्या." मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. "काय लिहून राह्यल्या?"

"पत्र. इंग्लंडला."

"आमचं बी लिहा मंग त्यात," ती म्हणाली. जाता जाता मागे वळली. "तुमचा क्वोरम घरातच झाला म्हनाचा."

ते पत्र मी फाडलं नाही. ठराव मंजूर झाला असं लिहून दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं. मुलांनो, सगळ्यांत मोठं खोटं हे. सभेला न जाणं हा आळस होता, गर्वही होता. पण तिच्या हातचा बांबू जात होता, आणि मी कागदावर तो तिला मिळवून दिला, तेही अशा माणसाला सांगण्यासाठी जो तापात उठून मत द्यायला गेला होता.

पुन्हा सभा बोलवेपर्यंत तो हंगाम गेला. डोंगरीवरून बांबूचे ट्रक उतरले. समोरच्या अंगणात विणकाम बंद पडलं आणि ती नवऱ्याबरोबर सिरोंच्याकडे मिरची तोडायला गेली. दोन महिने समोरच्या दाराला कुलूप होतं. मी रोज सकाळी अंगण झाडताना ते बघायची.

पुढच्या सभेला मी गेले. अर्धा तास आधीच. बाया सरकल्या, ताडपत्रीवर जागा झाली. ती पुढे उभी राहून हजेरी घेत होती. गर्दी वाढली तसा सचिव मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोन शब्द बोला. लोकांना समजावून सांगा."

तिने वहीतून मान वर न करता म्हटलं, "बाईले बसू द्या. बोलायची गरज नाई. त्यायले फक्त मोजा."

त्यांनी मला मोजलं. बाया पुरेशा झाल्या. वाद बराच झाला, दोघं भाऊ भांडून उठून गेले, एक परत आला. बांबूचा ठराव हात वर करून झाला. मीही हात वर केला. सह्या-अंगठ्यांच्या रांगेत तिच्या मागे उभी राहिले, तेव्हा "माझं चुकलं," असं हळूच म्हटलं. शाईचा अंगठा पदराला लागू नये म्हणून तिने हात लांब धरला होता. ती म्हणाली, "मंग पुढच्या खेपेले दोघी-तिघीले संगं आना."

हे खासदारसाहेबांना कळवायला हवं होतं. ते तेव्हा हयात होते, आणि त्यांचं पत्र आलंही होतं, अक्षर फार हललेलं, शेवटी तोच प्रश्न. मी चार मसुदे केले. प्रत्येकात खरं लिहिलं आणि प्रत्येक मसुदा फाईलमध्ये ठेवून दिला. मग निरोप आला की ते गेले.

ग्रंथालयाला माझी गोष्ट हवी असेल तर ही द्या. ते पान ज्या भाषणातलं आहे ते त्यांनी प्रामाणिकपणे केलं होतं, हेही ग्रंथालयवाल्यांना सांगा. मोहाचं झाड माझं होतं.