विहीणबाईंचा पहिला धडा

माझ्या लेकीच्या सासूइतकी हट्टी बाई शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत दुसरी नसेल. असलीच तर ती हिच्याच वर्गात शिकलेली असणार. किन्हवलीला आपल्या पडवीत विहीणबाई प्रौढ बायकांना लिहायला शिकवतात. पाटी नाही, खडू नाही. प्रत्येकीपुढे परात आणि परातीत पसरलेलं तांदळाचं पीठ. अक्षर बोटाने गिरवायचं, चुकलं की तळव्याने पुसायचं, आणि वर्ग सुटला की त्याच पिठाच्या भाकऱ्या थापायच्या. "वाया काय जातंय गो? शिकलेलं पोटातच जातं!" स्वतः त्या अक्षरं शिकल्या सुनेकडून, म्हणजे माझ्या लेकीकडून, पण सासूपण न सोडता: 'क' वाकडा आला तर दोष सुनेचा. एकदा साक्षरता योजनेचे साहेब आले आणि म्हणाले, "आजी, आधी स्वतःचं नाव शिकवायचं असतं." या उसळल्या, "नाव शिकवलं का लोक सही घेतात, सायब. मी आधी 'नाय' शिकवते!"

मी सातवी पास, पदराआड हसले. हसणारच! तरुणपणी माहेरच्या जमिनीच्या हक्कसोड कागदावर मी अशी वळणदार सही ठोकली होती की कारकूनही वाखाणत राहिला. बदल्यात भावांनी साडी दिली. मी हक्क सोडला, तिने पहिल्याच धुण्यात रंग.

गेल्या वर्षी विहीणबाईंचे दोघे भाऊ शहापूरजवळच्या सापगावहून तसाच कागद आणि तशीच साडी घेऊन आले. हायवेजवळच्या शेताला भाव आला होता. शाईचा पॅडही त्यांनीच आणलेला.

"आक्का, निस्ता अंगठा टेक. वाचायचं काय त्यात?" धाकटा म्हणाला.

विहीणबाईंनी पिठाचे हात पुसले, पेन मागितलं आणि अंगठ्याच्या जागी हे मोठ्ठं 'नाय' लिहिलं.

"आक्का, माहेर तुटंल गो!" थोरला ओरडला.

"तुटू दे. माझा वाटा मी कसणार. बसा, चहा पिऊन जावा."

चहा न पिताच ते गेले. दुसऱ्या दिवशी वर्गाला पराती कमी पडल्या.

भाऊबीजेला मी मुद्दाम किन्हवलीला गेले. अंगणात दोन पाट मांडलेले, भोवती रांगोळी. दिवेलागण झाली तरी कोणी आलं नाही. "चला विहीणबाय, चंद्राला ओवाळू," त्या म्हणाल्या. "तो कागद घेऊन येत नाय."

आम्ही दोघींनी बीजेच्या कोरेला ओवाळलं. मी पाट उचलायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. शहापूरहून शेवटची एसटी यायची हाय अजून."