दुखणं इंग्रजीत सांगायची सवय

आमच्या घरात दुखणं मराठीत सांगायची पद्धतच उरली नव्हती. अमरावती सोडून लखनौला आलो त्याला वीस वर्षं झाली. सब्जीवाल्या भैयाशी हिंदी, आपसात भांडायला मराठी आणि डॉक्टर म्हटला की थेट इंग्रजी. हे बँकेत ऑफिसर. महिनाभर छातीत दुखत होतं, तर लखनौच्याच महानगर नावाच्या भागातल्या आमच्या डॉक्टरांना यांनी काय सांगावं? "ऑफ अँड ऑन, सर." जसं काही ब्रँचच्या सर्व्हरचीच तक्रार! डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, पुन्हा दुखलं तर लगेच ईसीजी काढा असं बजावलं. त्यानंतर मी विचारलं की उत्तर तयार. "अगं, ऑफ अँड ऑन आहे. काही नाही."

आणि मी शहाणी इंग्रजीची मास्तरीण, मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात नेमका हाच वाक्प्रचार आला. अर्थ सांगितला, मधूनमधून. मग हौसेने मूळही सांगितलं, की ही म्हणे शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांची बोली. किनाऱ्याला लागता येत नसलं की जहाज जमिनीकडे यायचं, वळून समुद्रात जायचं, पुन्हा यायचं. एका मुलीने विचारलं, "मैम, मतलब जहाज गया नहीं, वहीं है?"

"हाँ बेटा, वहीं है," मी म्हटलं. यांचं दुखणंही कुठे गेलं नव्हतं.

तीन वाजता घरी पोचले तर हे सोफ्यावर. बँकेतून इतक्या लवकर कधीच येत नसत. पंखा जोरात फिरत होता तरी शर्ट घामाने भिजलेला.

"अहो, दुखतंय का?"

"काही नाही गं, ऑफ अँड..."

"मराठीत सांगा!" मी ओरडलेच. "सरळ मराठीत सांगा!"

ते लहान मुलासारखे म्हणाले, "कळ येते गं. सकाळपासून थांबलीच नाही. हातात उतरलीय."

मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. धावत जाऊन शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली. मागच्या सीटवर यांनी माझा हात धरून ठेवला. पकड ढिली व्हायची, पुन्हा आवळायची. हॉस्पिटलच्या वाटेवर, कपूरथला चौकातल्या सिग्नलला ती ढिली झाली. ती पुन्हा आवळेल म्हणून मी वाट बघत राहिले.