चौथा अल्बम आढीत

माझं लग्न एका अल्बमावरून मोडता मोडता राहिलं, असं आई अजून येईल त्याला सांगते. साफ खोटं! माझं लग्न त्या अल्बमामुळेच जमलं. पण आईला कोण सांगणार?

बँड परदेशातला, चार बाप्यांचा. म्हणायला रॉक, पण हे लोक कधी गिटारच्या तारांवर स्क्रूड्रायव्हर घासतील, कधी मिक्सर लावून त्याच्या आवाजावर गातील, नेम नाही. बोटीवर नोकरी करणारा माझा मामेभाऊ सुट्टीवर येताना त्यांचे सगळे अल्बम पेन ड्राइव्हवर घेऊन आला आणि मी कामातून गेले. पहिले तीन तसे पचायला सोपे. चौथ्यात गाणंच नाही. सुरुवातीपासून नुसती घरघर, ती वाढत वाढत जाते, मध्येच एकदा ड्रम वाजतो आणि शेवटी एक दार वाजतं. संपलं. बाबा म्हणाले, "आपल्या विहिरीचा पंप बिघडतो तेव्हा हेच ऐकतो आपण, आणि तेही फुकट." मला मात्र तो अल्बम ऐकताना आनंदाने रडू येतं. का, ते सांगता येत नाही, आणि कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं.

पहिलं स्थळ आलं ते मुंबईत नोकरी करणारं. मी म्हणेन त्याला मुलगा आपला "हो हो, मलाही." समुद्र आवडतो? हो हो. तिखट आवडतं? हो हो. मी बँडचं नाव घेतलं, तर तोही त्याचा फेवरिट. म्हटलं, चौथा अल्बम ऐकलाय? "अरे वा, त्यातली गाणी तर एकदम भारी!" मी समोरची पोह्यांची बशी उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात निघून आले. पाहुणे गेल्यावर आईने जमदग्नीचा अवतार घेतला. मीही ठणकावून सांगितलं, मला खूश करायला खोटं बोलणारा नवरा नको. आज अल्बमावर हो हो म्हणेल, उद्या कशावर म्हणेल कुणास ठाऊक!

दुसरं स्थळ पावसचं. घरची आंब्याची बाग, मुलगा स्वतः बागेत राबणारा. मोठ्यांनी आम्हाला बोलायला मागच्या पडवीत पाठवलं. माझ्या मोबाइलच्या कव्हरवर बँडचं चित्र होतं. ते बघून त्याने विचारलं, "तुम्ही ऐकता यांना?" मी मनात म्हटलं, आला दुसरा हो हो वाला. पण हा तर दुसऱ्या अल्बमात ड्रमवाला कुठे चुकतो आणि ती चूक त्यांनी मुद्दाम कशी ठेवलीय, तेच सांगायला लागला. अहो, मला उडीच मारावीशी वाटली! रत्नागिरीत हे ऐकणारं आणखी कुणी असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पहिला अल्बम त्याच्या मते कच्चा, माझ्या मते त्यातच खरा जोर. तिसऱ्यातलं मिक्सरचं गाणं आम्ही दोघांनी तोंडाने वाजवून पाहिलं. आतून आत्या डोकावून गेली. मी हसत होते. इतकी हसत होते की मला मनातून कळलं, हाच.

आणि मग तो म्हणाला, "चौथ्यात मात्र त्यांनी आपल्याला गंडवलंय."

"गंडवलंय?"

"मग काय हो! घरघर रेकॉर्ड करायची आणि विकायची. मी पण बँड काढतो, माझ्याकडे फवारणीचा पंप आहे."

मी जी सुरू झाले! तोही मागे हटेना. तिसऱ्यानंतर त्यांची अक्कल संपली, असं तो म्हणे. तिसऱ्यापर्यंत त्यांची नुसती तयारी चालली होती, असं मी म्हणे. आवाज एवढे चढले की आई धावत आली. "काय झालं गो?" म्हटलं, चौथा अल्बम. तिने कपाळाला हात लावला.

निघताना तो उंबऱ्यापाशी थांबला. "उद्या आंबा उतरवून आढी लावतोय. आंबा पिकेपर्यंत रोज तुमचा चौथा अल्बम ऐकतो. मग सांगतो." पेंढ्यावर हिरवा आंबा मांडायचा, वर पुन्हा पेंढा घालायचा आणि वाट बघायची, ती आढी. त्यात घाई चालत नाही.

आई मात्र घाईला आली होती. "अगो मेले, गाण्यावरून स्थळ घालवशील! आणि त्यात गाणंही नाही!" तिने गुपचूप त्याच्या आईला फोन केला, मुलाला म्हणावं, आवडला सांग आणि मोकळा हो. आत्याने ते मला येऊन सांगितलं आणि माझी झोपच उडाली. आता तो आवडला म्हणाला, तर ते खरं की शिकवलेलं, हे मला कसं कळणार? नको देवा, असं वाटायचं. हवाहवासा वाटलेला माणूसही हो हो म्हणाला तर मी काय करू?

आंबा पिकला आणि तो पेटी घेऊन आला. घरभर घमघमाट. आई त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "नाही आवडला."

आई मटकन खाली बसली. माझा तर आनंद पोटात मावेना!

"रोज ऐकला," तो म्हणाला. "काकूंचा निरोपही मिळाला. पण नाहीच आवडला. एक मात्र आहे. शेवटी तो दार उघडतो ना, तेवढं छान आहे."

"उघडतो? लावतो तो!"

"उघडतो हो. मागे पाखरं ऐकू येतात."

मी हेडफोन आणायला आत पळाले. एक कान त्याला, एक मला. चार वेळा ऐकलं. मला लावल्यासारखं वाटलं, त्याला उघडल्यासारखं. बाबा पेटीतला आंबा कापत आईला म्हणाले, "तारीख बघायला घे."

लग्नानंतर पावसला देवळात गेलो. त्याच्या काकांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ही नवी जोडी तुझ्या पायाशी आली हाय. त्यांच्या संसारात काय वाकडंतिकडं असंल तर सरळ कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

आईने काकांच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांनी घसा खाकरला. "आणि ह्या दोघांत त्या चौथ्या आल्बमाचा जो काय तंटा असंल, तो आजपासून कायमचा मिटव रे म्हाराजा!"

सगळ्यांनी होय म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याआधी आम्ही दोघं एकदम ओरडलो, "नको म्हाराजा! तेवढा राहू दे!"