ग्रेडरसाहेबांचं खरं नाव

कागद हातात आला की ते आधी चिमटीत धरून चोळून बघायचे, मग वाचायचे. सेलूच्या एका जिनिंगवर ते कापसाचे ग्रेडर होते. गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस ओढायचा, चिमटीत ताणून बघायचा आणि माल घ्यायचा की परत करायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. माल परत करणाऱ्याला लोक काय काय बोलतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. यांना मात्र कुणी शिव्या दिलेल्या मी ऐकल्या नाहीत.

ते नुसतं परत करत नसत. "मामा, वरून चांगलाय, पण आत ओल हाय. दोन दिस ऊन दाखवा अन् घिऊन या. मी हितंच हाय." माणूस गाडी वळवायचा, पण तोंड पाडून नाही.

संध्याकाळी हेच साहेब माझ्या टायपिंगच्या दुकानाच्या दारात बिचकत उभे राहायचे. पिशवीत गोष्ट असायची. मी ती टाइप करायची, ते लांबच्या मासिकांना पाठवायचे आणि दीड-दोन महिन्यांनी ती परत यायची. सोबत छापील चिठ्ठी : साभार परत.

चिठ्ठी उलटीपालटी करून ते म्हणायचे, "कारण सांगायला काय जातंय ह्यांचं?"

गोष्ट परत आली की ते टोपणनाव बदलायचे. मोठमोठ्यांनी टोपणनावं घेतली, असं मला ऐकवायचे. पण एकदा खरं बोलून गेले. "ताई, नकार येतो तो त्या नावाला. माझं नाव मी जपून ठिवलंय, छापून यायच्या दिवसासाठी." सगळ्या नावांना पत्ता माझ्या दुकानाचा. पोस्टमन एकदा म्हणाला, "लय भाडेकरू ठिवलेत ताई तुमी. एक बी दिसत न्हाई." साहेब तिथंच बसले होते. खाली मान घालून हसत राहिले.

"कशी वाटली?" असं ते दरवेळी विचारायचे आणि मी म्हणायची, "छान." कितीतरी वर्षं छानच म्हणत आले. ते वयानं मोठे, मला भीड पडायची. त्याची आज लाज वाटते.

आठवं नाव परत आलं तेव्हा त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "ताई, तुमी सगळ्या वाचल्यात. तुमी तरी सांगा, आत काय हाय?"

मी सांगून टाकलं. "काका, तुमच्या गोष्टींतली माणसं गॅलरीत बसून कॉफी पितात. तुम्ही कधी प्यायलात तशी? कापसात हात घालणारा एकसुद्धा माणूस नाही त्यांत."

त्यांनी चिठ्ठी पिशवीत टाकली. पिशवी उचलून गेले, ते चार महिने आले नाहीत. एक चांगला माणूस दुखावला, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

आले तेव्हा हातात वही होती. पोखर्णीची एक बाई ओला कापूस घेऊन तीनदा येते आणि ग्रेडर तिला तीनदा परत पाठवतो, एवढीच गोष्ट. टाइप करताना मी दोनदा डोळे पुसले. शेवटी विचारलं, "नाव कोणतं टाकू?"

त्यांनी वहीचं पान चिमटीत धरून चोळून बघितलं.

"माझं टाका."

गोष्ट पोस्टात पडली आणि तिसऱ्या आठवड्यात साहेब गेले. जिनिंगवरच, छातीत कळ येऊन.

पाकीट त्यानंतर आलं. पोस्टमननं नाव वाचलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं. गोष्ट परत आली होती. पण छापील चिठ्ठी नव्हती. संपादकांनी हातानं पानभर लिहिलं होतं. बाई खरी उतरली आहे, ग्रेडर शेवटी फार बोलतो, तेवढं काढून पुन्हा पाठवा, वाट पाहतो.

मी ते पत्र त्यांच्या घरी जाऊन काकूंना वाचून दाखवलं.

"म्हंजी परतच आली न्हवं?" काकू म्हणाल्या.

"परत आली, पण का ते सांगितलंय, काकू."

काकूंनी पदरानं डोळे टिपले. "मग तुमीच करा तेवढं. त्यांचं समदं तुमालाच ठावं."

त्यांचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते पहिल्यांदा त्यांच्या गोष्टीवरच छापून यावं. काल दुकान उघडून आधी तीच गोष्ट काढली आणि ग्रेडरचं शेवटचं बोलणं खोडत गेले. बाई गाडी वळवते तिथलं एक वाक्य तेवढं ठेवलं. "मी हितंच हाय."